भूमीचे राखणदार आणि संशोधनाचा अधिकार : ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाज व सहयोगी पर्यावरण-संशोधन

प्रास्ताविक

१९७१ साली ऑस्ट्रेलियातील नॉर्दर्न टेरिटरीच्या न्यायालयात एका बहुचर्चित खटल्याचा निकाल लागला. आर्नहेम लँडच्या ईशान्य टोकास असलेल्या गोव्ह द्वीपकल्पावर नाबाल्को या कंपनीला बॉक्साइटच्या खाणीसाठी दिलेल्या पट्ट्यास तेथील योलंगू कुळांनी आव्हान दिले होते. तत्पूर्वी १९६३ मध्ये याच लोकांनी स्वभाषेत व इंग्रजीत लिहिलेले, आणि भोवती झाडाच्या सालीवर कुळचित्रांची महिरप असलेले अर्ज संसदेकडे पाठविले होते. न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी योलंगूंचा पुरावा बारकाईने ऐकला. त्यांच्यापाशी सूक्ष्म आणि सुव्यवस्थित अशी विधिव्यवस्था आहे, हेही मान्य केले. आणि तरीही दावा फेटाळला. त्यामागील त्यांची कारणमीमांसा आजही विचार करावयास लावणारी आहे. जमीन कुळाची आहे असे म्हणण्यापेक्षा कूळ जमिनीचे आहे असे म्हणणे पुराव्याशी अधिक जुळते, या लोकांच्या ठायी जमिनीच्या मालकीपेक्षा जमिनीविषयीच्या कर्तव्याची जाणीव अधिक प्रबळ आहे, आणि म्हणून या नात्यास 'मालमत्ता' म्हणता येत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. (येथे 'कूळ' हा शब्द वंशसमूह या अर्थाने घ्यावयाचा आहे, कूळकायद्यातील कुळाशी त्याचा संबंध नाही.)

न्यायमूर्तींनी केलेले वर्णन बहुतांशी अचूक होते. चूक होती ती त्या वर्णनातून काढलेल्या निष्कर्षात. कर्तव्य आहे म्हणून अधिकार नाही, असे त्यांना वाटले. योलंगूंच्या दृष्टीने कर्तव्य हेच अधिकाराचे मूळ होते.

हाच गैरसमज वेगळ्या रूपाने पर्यावरणविषयक संशोधनात दीर्घकाळ वावरत आला आहे. 'पारंपरिक ज्ञान' हा शब्दप्रयोग आता विद्यापीठीय वर्तुळात रुळला आहे. तो वापरताना असे गृहीत धरले जाते, की हे ज्ञान म्हणजे रानातील मधाप्रमाणे काढून बरणीत भरून नेण्याजोगी वस्तू आहे. ज्याने ते जपले, त्याचे आभार मानले की पुरे. प्रस्तुत लेखात ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाजांच्या भूमी-राखणीच्या संकल्पनेचा परामर्श घेतला असून, शास्त्रज्ञ आणि हे समाज यांनी मिळून केलेल्या काही संशोधनांच्या आधारे ती संकल्पना संशोधनाच्या व्यवहारात कोणता बदल घडवून आणते, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

'कंट्री' आणि राखण

१७८८ मध्ये ब्रिटिश वसाहत स्थापन झाली, त्या वेळी ऑस्ट्रेलिया खंडात अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. एवढ्या समाजांविषयी एकत्रित विधान करणे धोक्याचे आहे, याची जाणीव ठेवूनच पुढील विवेचन वाचावे. मात्र यांतील बहुतेक समाज आज इंग्रजी बोलताना 'कंट्री' हा शब्द एका विशिष्ट अर्थाने वापरतात. त्यात जमीन येते, तसेच पाणी, वारा, प्राणी, वनस्पती, पूर्वज, गाणी आणि माणसेही येतात. डेबोरा बर्ड रोझ यांनी १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या 'नरिशिंग टेरेन्स' या ग्रंथात या शब्दाची विस्तृत चर्चा केली आहे. लोक कंट्रीशी बोलतात, तिची चौकशी करतात, तिच्यासाठी झुरतात. परका माणूस प्रथमच आला, तर पाणवठ्याजवळ त्याच्या डोक्यावर पाणी ओतून किंवा आपल्या अंगाचा घाम त्याला लावून, हा आपला पाहुणा आहे असे कंट्रीला सांगण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. उत्तरेकडील कित्येक संशोधकांच्या क्षेत्रकार्याचा आरंभ असाच झाला आहे.

या व्यवस्थेचा पाया म्हणजे पूर्वजांनी भूमीला रूप देताना घालून दिलेला नियम. मध्य ऑस्ट्रेलियातील अनंगू लोक त्यास 'चुकुर्पा' म्हणतात, तर वार्लपिरी आणि मार्टू लोक 'जुकुर्पा'. इंग्रजीत यासाठी 'ड्रीमिंग' हा शब्द रूढ झाला आणि त्यामुळे हे सारे स्वप्नरंजन असावे, असा समज पसरला. हा काळ भूतकाळ नसून सर्वकाळ आहे, असे मानवशास्त्रज्ञ स्टॅनर यांनी १९५३ मध्येच निदर्शनास आणले होते.

इंग्रजीतील 'कस्टोडियन' या शब्दासाठी मराठीत कोणता प्रतिशब्द योजावा, हा प्रश्नही केवळ भाषांतराचा नाही. 'मालक' हा शब्द चालत नाही. 'विश्वस्त' म्हटले की दुसऱ्या कोणाची तरी मालकी गृहीत धरली जाते. 'अभिरक्षक' हा शब्द शासकीय परिपत्रकातून उचलल्यासारखा वाटतो. प्रस्तुत लेखात 'राखणदार' हा शब्द स्वीकारला आहे. कोकणात राखणदार म्हणजे गावशिवेचे रक्षण करणारी अदृश्य शक्ती. तिला वेळच्या वेळी द्यावे लागते, विसरल्यास ती जाब विचारते. ऑस्ट्रेलियात माणूस स्वतः राखणदार असतो आणि भूमीही त्याची राखण करीत असते, हा भेद असला तरी जाब विचारला जाण्याची कल्पना दोन्हीकडे आहे. देवराईची उपमा मात्र येथे दिशाभूल करील. देवराईत पान तोडू नये, लाकूड आणू नये, असा दंडक असतो. आदिवासी राखणीत भूमीला हात न लावणे हीच हयगय ठरते. तिच्यावर चालले पाहिजे, तिच्यात शिकार केली पाहिजे, तिचे गाणे म्हटले पाहिजे, आणि योग्य वेळी ती जाळलीही पाहिजे.

राखणीचा दुसरा विशेष संशोधकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. राखण एकट्याची नसते. वार्लपिरी समाजात पित्याच्या बाजूने ज्याला भूमी मिळते तो 'किर्डा', आणि ज्याच्या मातेच्या बाजूची ती भूमी आहे तो 'कुर्डुंगुर्लू'. विधीत किर्डा नाचतो, तर तो विधी यथासांग होतो की नाही यावर कुर्डुंगुर्लू लक्ष ठेवतो. एकावाचून दुसऱ्याचे काहीच चालत नाही. पश्चिम आर्नहेम लँडमध्ये मातेच्या कुळाच्या भूमीविषयी अशीच जबाबदारी असलेल्या व्यक्तीस 'जुंगकाय' म्हणतात. प्रत्येक व्यक्ती एका भूमीच्या बाबतीत एका भूमिकेत असते, तर दुसऱ्या भूमीच्या बाबतीत दुसऱ्या. या रचनेत 'गावातल्या एका ज्येष्ठाला विचारले, त्याने होकार दिला' या वाक्याला काहीही अर्थ उरत नाही. कोणत्या भूमीविषयी, कोणत्या नात्याने आणि कोणाच्या साक्षीने होकार दिला, हे सांगितल्याखेरीज तो होकारच नव्हे. १९७६ च्या नॉर्दर्न टेरिटरी भूमी-अधिकार कायद्याने 'पारंपरिक मालक' या संज्ञेची व्याख्या करताना स्थळाविषयीची प्राथमिक आध्यात्मिक जबाबदारी हा निकष घातला. १९७१ मध्ये जे कर्तव्य अधिकाराच्या आड आले होते, तेच पाच वर्षांनी अधिकाराची कसोटी बनले. पुढे ३ जून १९९२ रोजी माबो खटल्यात हायकोर्टाने (ऑस्ट्रेलियात हेच सर्वोच्च न्यायपीठ होय) हा खंड निर्नायकी व स्वामीहीन होता, ही कल्पनाच निकालात काढली आणि त्यापाठोपाठ १९९३ चा 'नेटिव्ह टायटल' कायदा आला.

उलुरू येथील पाहणी : 'न्यारू' हे एक अधिवासनाम

२६ ऑक्टोबर १९८५ रोजी उलुरूची भूमी अनंगू लोकांना परत देण्यात आली. त्यांनी ती राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने शासनास दिली आणि व्यवस्थापन मंडळात अनंगूंचे बहुमत आले. त्यानंतर १९८७ ते १९९० या काळात उद्यानातील पृष्ठवंशीय प्राण्यांची जी पाहणी झाली, ती सहयोगी संशोधनाच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक मानली जाते. अनंगू स्त्रीपुरुष या पाहणीत जाणकार म्हणून सहभागी झाले. मागावरून प्राणी ओळखण्याचे त्यांचे कौशल्य हा पाहणीचा एक आधार होता.

या सहभागाचे खरे फळ प्राण्यांच्या यादीपेक्षा वर्गीकरणात दिसते. अनंगू भूप्रदेशाची विभागणी करतात ती अशी: 'पुली' म्हणजे खडक व डोंगर, 'पुती' म्हणजे झाडोऱ्याचे रान, 'ताली' म्हणजे वाळूची टेकडी, 'पिला' म्हणजे स्पिनिफेक्स या काटेरी गवताचे मैदान, 'कारू' म्हणजे ओढ्याचे पात्र, आणि यांच्याच जोडीला 'न्यारू', म्हणजे जळून गेल्यावर पुन्हा हिरवी होऊ लागलेली जागा. पुस्तकी वर्गीकरणात जळणे ही एक घटना असते. अधिवासावर ओढवलेली आपत्ती, फार तर व्यत्यय. अनंगूंच्या लेखी ती एक जागा आहे. तिला नाव आहे, तिचे प्राणी आहेत, तिच्या वनस्पती आहेत. एखाद्या प्रदेशात न्यारू शिल्लक नसणे म्हणजे तेथील राखण थांबली असणे. १९७६ मधील वणव्यांत उद्यानाचा फार मोठा भाग जळाला होता, हे ध्यानात घेतल्यास या एका शब्दाचे मोल कळते. लहान लहान न्यारू ठिकठिकाणी असते, तर आगीला एवढे सलग रान मिळाले नसते.

अग्नी : नियम, शास्त्र आणि बाजार

आदिवासींच्या जाळण्यामागे पद्धत आहे, हे विद्यापीठांना उशिरा पटले. १९६९ मध्ये पुरातत्त्वज्ञ ऱ्हिस जोन्स यांनी त्यास 'अग्निदंडाची शेती' अशा आशयाचे नाव दिले, तेव्हा ते अनेकांना अतिशयोक्त वाटले होते. पश्चिम आर्नहेम लँडच्या पठाराने पुढे त्याची प्रचिती दिली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे पठार माणसांविना ओस पडले. मिशन, गुरांचे मळे, खाणी आणि गावे यांनी लोकांना खाली ओढले. माणसे गेली, पण आग गेली नाही. ती आता कोरड्या ऋतूच्या अखेरीस, ऑक्टोबरच्या आसपासच्या तापलेल्या वाऱ्यात लागू लागली आणि आठवडेच्या आठवडे शेकडो चौरस किलोमीटर रान जाळीत राहिली. अनबिनिक नावाच्या, केवळ याच प्रदेशात आढळणाऱ्या वृक्षांची जुनी बने तिने कडेकडेने खाल्ली.

याच सुमारास एक ज्येष्ठ चित्रकार व कुळप्रमुख, बर्दायल लॉफ्टी नाजामेरेक (१९२६–२००९), आपल्या लोकांना पुन्हा पठारावर नेण्याच्या खटपटीत होते. शास्त्रज्ञांशी त्यांची चर्चा दीर्घकाळ चालली. त्यांचे म्हणणे असे, की रान आजारी पडले ते ओस पडल्यामुळे. शास्त्रज्ञांच्या उपग्रहचित्रांतही तेच दिसत होते. त्यांच्या निधनानंतर शोधनिबंधांत त्यांचा उल्लेख 'वामुड नामोक' या नातेवाचक नावाने होऊ लागला, कारण मृताचे नाव काही काळ उच्चारू नये, असा तेथील संकेत आहे. शोधनिबंधाने लेखकाचे नाव बदलून लिहावे, ही बाब किरकोळ वाटेल. परंतु विद्यापीठीय लेखनाने दुसऱ्या विधीपुढे नमते घेतल्याचे हे उदाहरण म्हणून ती नोंदविण्याजोगी आहे.

२००६ मध्ये या पठारावरील सुमारे २८,००० चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी अग्निव्यवस्थापनाचा करार झाला. डार्विन येथील नैसर्गिक वायू प्रकल्पाने आपल्या उत्सर्जनाच्या भरपाईपोटी १७ वर्षे दरसाल सुमारे १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर द्यावेत आणि आदिवासी वनरक्षकांनी दरसाल सुमारे १ लाख टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन टाळावे, असे त्याचे स्वरूप होते. त्यातील शास्त्र समजण्यास सोपे आहे. कोरड्या ऋतूच्या आरंभी गवतात ओल असते, रात्री दव पडते. त्यामुळे लावलेली आग रात्री आपसूक विझते आणि जळालेल्या-न जळालेल्या तुकड्यांची गोधडी तयार होते. अखेरच्या ऋतूतील भडका त्या गोधडीला अडतो. गवत जळून निघालेला कार्बन डायऑक्साइड पुढील पावसाळ्यात गवत पुन्हा शोषून घेते, म्हणून तो हिशेबात धरत नाहीत. मोजतात ते मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड, आणि ते कमी झाले म्हणून पैसे मिळतात. २०१२ पासून ही गणनापद्धती ऑस्ट्रेलियाच्या शासकीय कार्बन योजनेचा भाग बनली.

या प्रकल्पाचे गोडवे पुष्कळ गायले गेले आहेत आणि ते अनाठायी नाहीत. वनरक्षकांना वेतन मिळाले, कुटुंबे पठारावर परतली, शाळा सुरू झाल्या. तथापि घोडे पेंड खाते ते मोजमापापाशी. कार्बनच्या हिशेबाला आग कोणत्या तारखेला लागली आणि किती क्षेत्र जळाले, एवढेच कळते. ती कोणी लावली, त्याला त्या भूमीवर आग लावण्याचा अधिकार होता का, जुंगकायला विचारले होते का, हे त्याला कळत नाही. हेलिकॉप्टरमधून ज्वालाग्राही गोळ्या टाकल्या तरी आकडा तोच येतो. म्हणूनच दरवर्षी हंगामापूर्वी भूस्वामी आणि जुंगकाय यांच्या बैठका घेऊन आराखडा ठरविण्याचा आणि शक्य तेथे कुळातील लोकांनी पायी चालत जाऊन आग लावण्याचा आग्रह स्थानिक संस्थांनी धरला. या बैठकांचा खर्च कार्बनच्या सूत्रात कोठेच बसत नाही. राखणीचा सारा भार मात्र त्यांच्यावरच आहे.

अग्नीसंबंधीच आणखी एक गोष्ट जाता जाता सांगण्याजोगी आहे. जळते काटूक पायात किंवा चोचीत धरून दुसरीकडे टाकणारे व त्यामुळे पळणारे किडे-सरडे टिपणारे पक्षी उत्तर ऑस्ट्रेलियातील आदिवासींना पूर्वापार माहीत होते. काही विधींत त्यांचे अनुकरणही होते. २०१७ मध्ये या साक्षींवर आधारलेला शोधनिबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा जगाला ही बातमी वाटली. त्या तीन पक्ष्यांपैकी एक म्हणजे आपल्या गावाशहरांवर घिरट्या घालणाऱ्या घारीचीच जात होय.

घोरपड आणि वाळवी : मार्टूंच्या भूमीवरील दोन प्रकरणे

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील मार्टू लोक १९५० व १९६० च्या दशकांत आपली भूमी सोडून मिशन आणि गुरांच्या मळ्यांकडे गेले. १९८० च्या दशकात त्यांनी पार्नगुर, पुनमु अशा वस्त्या वसवून परतीचा मार्ग धरला. २००२ मध्ये त्यांचा भूमीवरील हक्क न्यायालयाने मान्य केला. रिबेका ब्लीज बर्ड, डग्लस बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लोकांच्या शिकारीचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. मार्टू स्त्रिया हिवाळ्यात स्पिनिफेक्सचे पट्टे जाळतात आणि उघड्या पडलेल्या जमिनीवरील बिळांचा माग काढून घोरपडी खणून काढतात. रूढ संवर्धनशास्त्राला येथे एकच प्रश्न सुचतो: किती घोरपडी मारल्या म्हणजे जास्त मारल्या? मार्टूंचे म्हणणे अगदी उलट होते. शिकार थांबली तर घोरपडी नाहीशा होतील, असे ते सांगत. वरवर पाहता हे श्रद्धेचे वाक्य आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जेथे मार्टूंची शिकार अधिक तेथेच घोरपडींची संख्याही अधिक आढळली. लहान लहान जाळलेल्या तुकड्यांमुळे ताज्या आणि जुन्या गवताच्या सीमारेषा वाढतात, आणि घोरपडीला अशाच सीमा मानवतात. शिकाऱ्यांनी तोडलेल्या लगद्यापेक्षा त्यांनी घडविलेला अधिवास मोठा ठरला.

येथे शास्त्राने परंपरेवर शिक्कामोर्तब केले, असा अर्थ काढण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. मार्टूंना शिक्का नको होता. शास्त्रज्ञांना मात्र जो प्रश्न सुचला नव्हता तो मिळाला, आणि तो मिळाला याचे कारण ते त्या स्त्रियांच्या मागोमाग वर्षानुवर्षे चालत राहिले. प्रश्नावली घेऊन आठ दिवसांसाठी गेलेल्या पथकाला 'शिकार थांबली तर प्राणी जातील' हे वाक्य मिळाले असते आणि त्याने ते लोकसमजुतींच्या रकान्यात टाकले असते.

दुसरे प्रकरण अधिक बोलके आहे. वाळवंटी गवताळ मैदानांत ठरावीक अंतरावर कडक, उघडी वर्तुळे दिसतात. विमानातून ती विलक्षण नियमित भासतात. आफ्रिकेतील नामिबियात अशाच वर्तुळांना 'परीवर्तुळे' म्हणतात. ऑस्ट्रेलियातील वर्तुळांचा शोध २०१६ मध्ये जगापुढे मांडला गेला. दूरसंवेदन, हवाई छायाचित्रे आणि गणिती प्रतिमाने यांच्या आधारे असे सुचविण्यात आले, की पाण्यासाठी स्पर्धा करणारे गवत स्वतःच अशी रचना घडविते. जगभरच्या वृत्तपत्रांनी या 'नव्या' घटनेची वार्ता दिली.

ही वर्तुळे ज्या मैदानांवर आहेत तेथे राहणाऱ्या माणसांना कोणी विचारले नव्हते. मान्जिल्जारा भाषेत त्यांना 'लिंजी' म्हणतात, वार्लपिरीत 'मिंगकिरी'. त्यांच्याखाली वाळवी असते, पावसानंतर त्यांवर पाणी साचते, त्यांच्या कडक पृष्ठावर गवताचे बी मळता येते, पंख फुटलेली वाळवी खाता येते, आणि त्यांचे काही उपयोग विधींशी निगडित आहेत. आजीने नातीला दाखवावे असे हे ज्ञान. चित्रांतही ते उतरले होते. ती चित्रे संग्रहालयांच्या भिंतींवर कित्येक वर्षे टांगलेली होती. २०२३ मध्ये फिओना वॉल्श आणि मार्टू सहलेखक यांनी मिळून जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात या चित्रांना आणि कथनांना पुरावा म्हणून स्थान मिळाले, आणि सोबत कुदळफावड्यांनी वर्तुळे खणून पाहण्यात आली. झाडून स्वच्छ केलेल्या कठीण थरात गवत वेचणाऱ्या ड्रेपॅनोटर्मिस वाळवीची दालने सापडली. वनस्पतींच्या स्वयंरचनेचा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी आपला पक्ष सोडलेला नाही आणि हा वाद शास्त्रीय रीतीने चालूच राहावा. वर्तुळांचे मूळ नेमके काय, याविषयी खुद्द वॉल्श आणि सहकाऱ्यांनीही सावध भूमिका घेतली आहे. ते जुकुर्पात आहे, असेही त्या निबंधात म्हटले आहे. समीक्षित नियतकालिकात हे विधान आणि मातीच्या पृथक्करणाचे आकडे शेजारी शेजारी छापले गेले, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी.

संमती, लेखकत्व आणि नोंदींचा ताबा

अशा संशोधनांतून आता काही संस्थात्मक चौकटी उभ्या राहिल्या आहेत. आदिवासींनी स्वतः घोषित केलेल्या संरक्षित क्षेत्रांपैकी पहिले, दक्षिण ऑस्ट्रेलियातील नांतावारिना, १९९८ मध्ये अस्तित्वात आले. आज अशी क्षेत्रे ऐंशीहून अधिक असून देशाच्या संरक्षित भूमीचा निम्म्याहून अधिक भाग त्यांत येतो. ऑस्ट्रेलियन आदिवासी अध्ययन संस्थेने २००० मध्ये संशोधनविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०२० मध्ये त्यांचे रूपांतर आचारसंहितेत झाले. स्वयंनिर्णय, आदिवासी नेतृत्व, परिणाम व मूल्य, आणि शाश्वतता व उत्तरदायित्व हे तिचे चार आधार आहेत. विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीचा अर्ज या संहितेनुसार भरता येतो. अर्ज भरणे म्हणजे संमती मिळविणे नव्हे, हे मात्र त्या अर्जावर लिहिलेले नसते.

नोंदींच्या ताब्याचा प्रश्न याहून बिकट आहे. काही ज्ञान केवळ स्त्रियांचे असते, काही केवळ पुरुषांचे. काही ऐकता येते पण सांगता येत नाही. संगणकीय माहितीसाठ्यात असलेली प्रत्येक गोष्ट सर्वांना खुली असावी, हा आजचा विद्यापीठीय आदर्श. या दोहोंचा मेळ घालण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न टेनंट क्रीक येथील वारुमुंगू लोकांच्या सहकार्याने झाला. २००७ मध्ये तेथे उभ्या राहिलेल्या 'मुकुर्तु' या संग्रहप्रणालीत छायाचित्र कोणाला दिसावे, हे पाहणाऱ्याच्या नात्यावर आणि स्त्री-पुरुष भेदावर ठरते. मुकुर्तु म्हणजे ज्येष्ठांनी पवित्र वस्तू ठेवण्याची झोळी. तिच्यातले हवे असेल तर ज्येष्ठांपाशी जाऊन मागावे लागते.

ज्ञान मान्य करून अधिकार नाकारला तर काय होते, याचे उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियातील जुकान घळीत घडले. तेथील शैलाश्रयात मानवी वस्तीचा सुमारे ४६,००० वर्षांचा पुरावा होता. खाणीसाठी तो नष्ट करण्याची परवानगी २०१३ मध्येच कायदेशीरपणे मिळाली होती. २०१४ च्या उत्खननात सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचा केसांचा विणलेला पट्टा सापडला आणि त्यातील जनुकीय खुणा त्या भूमीच्या आजच्या राखणदारांशी जुळल्या. म्हणजे पुरातत्त्वशास्त्राने आपले काम चोख केले होते. अहवाल लिहिला गेला, वस्तू पेटीत गेल्या. २४ मे २०२० रोजी रिओ टिंटो कंपनीने सुरुंग लावला. संसदीय चौकशी झाली, कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना पायउतार व्हावे लागले. राखणदारांना त्या स्थळाविषयी सर्व काही माहीत होते, संशोधकांनाही बरेच माहीत झाले होते. 'नाही' म्हणण्याचा अधिकार तेवढा कोणाच्या हाती नव्हता.

लेखकत्वाच्या बाबतीत सर्वांत धीट पाऊल ईशान्य आर्नहेम लँडमधील बवाका येथे उचलले गेले. योलंगू भगिनी आणि तीन भूगोल-अभ्यासक स्त्रिया यांच्या गटाने २०१३ पासून आपल्या शोधनिबंधांवर पहिला लेखक म्हणून 'बवाका कंट्री' हे नाव घातले आहे. मानवी भूगोलातील अग्रगण्य नियतकालिकांनी ते छापले. यावर आक्षेप घेणे सोपे आहे. लेखक म्हटला की त्याने मजकुराची जबाबदारी घेतली पाहिजे, समीक्षकांच्या शंकांना उत्तर दिले पाहिजे. भूमी हे कसे करणार? गटाचे उत्तर असे, की काय लिहावे आणि काय लिहू नये, केव्हा थांबावे, हे बवाकानेच ठरविले. भरती-ओहोटीने, वाऱ्याने, एखाद्या मृत्यूमुळे गोळा झालेल्या नातलगांनी. हे उत्तर सर्वांना पटेल असे नाही. काहींना त्यात काव्यच अधिक दिसेल. परंतु या गटातील ज्येष्ठ भगिनी दातिवुय कुळाच्या असून गुमाच कुळाच्या भूमीच्या राखणदार म्हणून त्यात होत्या, हे कळल्यावर त्या नावाचा विधिविषयक आशय लक्षात येतो. त्या भूमीविषयी बोलण्याचा अधिकार त्यांना ज्या नात्याने मिळाला, ते नाते निबंधाच्या शीर्षस्थानी नोंदविलेले आहे. विद्यापीठाचे नाव आपण ज्या कारणासाठी लेखकाच्या नावाखाली छापतो, त्यापेक्षा हे कारण फार वेगळे नाही.

बवाका गोव्ह द्वीपकल्पाच्याच परिसरात आहे. १९७१ मध्ये ज्या खाणीविरुद्धचा दावा फेटाळला गेला, तिच्यासाठी काढून घेतलेल्या भूमीची भरपाई गुमाच कुळाने पुढे पुन्हा मागितली. १२ मार्च २०२५ रोजी हायकोर्टाने निर्णय दिला, की त्या भूमीवरील कुळाचा हक्क ही राज्यघटनेच्या अर्थाने मालमत्ताच आहे आणि ती काढून घेताना न्याय्य मोबदला देणे केंद्रशासनावर बंधनकारक होते. हा दावा गुमाच कुळाच्या ज्या ज्येष्ठाने उभा केला, त्यांनी तरुणपणी १९७१ च्या खटल्यात आपल्या वडीलधाऱ्यांना साहाय्य केले होते. निकाल ऐकण्यास ते हयात नव्हते. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले होते.